आकाशी पुलावर रूळ का नाहीत? जपानच्या समुद्रपुलांबद्दल थोडे सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: जपान हा बेटांचा देश आणि रेल्वेचाही देश. मग आकाशी काइक्यो हा 1998 पासून 2022 पर्यंत जगातला सर्वांत लांब गाळ्याचा (गाळा म्हणजे दोन आधारांमधले अंतर) पूल असूनही त्यावरून रेल्वे का जात नाही? त्याच्या पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या, होन्शू आणि शिकोकू बेटे जोडणाऱ्या सेतो ओहाशीवरून मात्र गाड्या रोज धावतात, ते कसे जमते? आणि पुढेमागे आकाशीवर रूळ टाकता येतील का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: नाही, टाकता येणार नाहीत. बाकीच्याला जरा वेळ लागेल. मी पुलांच्या डिझाइन तपासणीतला माणूस आहे, रेल्वेच्या पुलांशी जास्त संबंध आलेला. त्यामुळे झुकते माप रेल्वेकडे गेले तर समजून घ्या.

"एवढ्या लांब झुलत्या पुलाला रेल्वेचे वजन पेलत नाही" हे उत्तर बऱ्याच ठिकाणी दिलेले आढळते. ते चूक आहे. पूल जितका लांब, तितका त्याच्या स्वतःच्या वजनाचा वाटा मोठा. आकाशीच्या मुख्य केबलमध्ये जो ताण आहे, त्यातला सुमारे नऊ दशांश ताण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा आहे; वरून जाणाऱ्या वाहनांच्या वाट्याला उरलेसुरले येते. गाडीचे वजन वाढवले तर केबल जाड करावी लागेल, मनोरे आणि पाया भक्कम करावे लागतील, खर्च वाढेल, पण अशक्य असे त्यात काही नाही. खरे तर आकाशी पूल आधी रेल्वेसकटच आखलेला होता. त्या आराखड्यात मधला गाळा 1780 मीटरचा होता. रूळ वगळायचे ठरल्यावर तो 1990 मीटरचा केला गेला, आणि प्रत्यक्षात 1991 मीटरचा झाला. तो एक मीटर कुठून आला ते पुढे सांगतो.

मग अडते कुठे? वजनात नाही, वाकण्यात.

झुलत्या पुलाची केबल ताठ नसते. भार जिथे येईल तसा ती आकार बदलते. वाळत घालायच्या दोरीवर एका बाजूला ओली गोधडी टाकली तर दोरी तिथे खाली जाते आणि दुसऱ्या बाजूचे कपडे वर उचलले जातात. मोटारी आणि ट्रक पुलावर विखुरलेले असतात, त्यामुळे दोरी सगळीकडे थोडी थोडी दबते. आगगाडी म्हणजे ती गोधडी. सगळा भार सलग, एकाच तुकड्यात, आणि तोही पुढे सरकत राहणारा. गाडी पुलाच्या एका चतुर्थांशावर असते तेव्हा दुसऱ्या बाजूचा भाग वर उचलला जातो. गाडी पुढे गेली की उलटे. हे आवरायला केबलखाली खोल आणि ताठ ट्रस, म्हणजे पोलादी दांड्यांचा त्रिकोणी जोडणीचा सांगाडा, लागतो. दुमजली पुलात तो आयताच मिळतो: वरच्या मजल्यावर रस्ता, खालच्या मजल्यावर रूळ, मधली उंची ट्रसची. सेतो ओहाशीची रचना तशीच आहे.

पण ट्रसने वाकणे कमी होते, संपत नाही. आणि त्याची किंमत पुलाच्या मध्यावर नाही, टोकाशी मोजावी लागते. गर्डर (रस्ता-रूळ पेलणारी आडवी तुळई) मध्ये वाकला की टोकाला तो थोडा फिरतो, आणि पलीकडचा गर्डर किंवा अँकरेज (केबलचे टोक धरून ठेवणारा काँक्रीटचा ठोकळा) जागचे हलत नाही. म्हणजे सांध्यावर एक बारीकसा मोड पडतो. ट्रकच्या टायरला तो जाणवतही नाही. ताशी शंभरच्या आसपास जाणाऱ्या गाडीच्या चाकाला मात्र तो नेमका जाणवतो, कारण चाक आणि रूळ यांच्यात गंमत करायला जागाच नसते. शिवाय ऊन-थंडीने पूल लांब-आखूड होतो, भाराने आणि वाऱ्याने पुढे-मागे सरकतो. सेतो ओहाशीतल्या, 1100 मीटरचा गाळा असलेल्या मिनामी बिसान-सेतो पुलासारख्या ठिकाणी ही सगळी बेरीज एवढी होते की सांध्याला दीड मीटरपर्यंतची हालचाल सामावून घ्यावी लागते.

आपल्याकडे लांब वेल्डेड रुळांच्या टोकाला जो स्विच एक्स्पान्शन जॉइंट बसवतात, ज्याला गँगमनपासून इंजिनियरपर्यंत सगळे एसईजे म्हणतात, त्याची हालचाल सेंटिमीटरांत मोजतात. तिथे दीड मीटर! जपान्यांनी यावर काढलेला उपाय मला त्या अख्ख्या प्रकल्पातला सर्वांत देखणा वाटतो, जरी पर्यटकांच्या एकाही फोटोत तो येत नसला तरी. मुख्य गर्डरचे टोक आणि स्थिर भाग यांच्यामध्ये त्यांनी छोटे मधले गर्डर टाकले. त्यामुळे एका जागी पडणारा मोठा मोड अनेक छोट्या मोडांत वाटला जातो, आणि सरकण्याची लांबीही वाटली जाते. त्याच्यावर खास घडवलेले सरकते रूळ. चाकाला कुठेही एकदम धक्का बसत नाही. डब्यात बसलेल्या माणसाने कान देऊन ऐकले तर आवाज किंचित बदलतो, इतकेच.

दुसरी अडचण फटीगची, म्हणजे वारंवारच्या भाराने पोलादाला येणाऱ्या थकव्याची. रस्त्याच्या पुलालाही ती असते, पण रेल्वेच्या पुलात जास्त जीवघेणी, कारण प्रत्येक गाडी जवळजवळ पूर्ण भार घेऊन येते आणि पूर्ण भार काढून घेऊन जाते. दिवसभर, वर्षभर. ट्रसच्या वरच्या-खालच्या लांब दांड्या म्हणजे चार पोलादी प्लेटांच्या पेट्या, चारही कोपऱ्यांवर लांबच लांब वेल्ड मारलेल्या. वेल्ड प्लेटच्या पूर्ण जाडीत जात नाही, त्याच्या मुळाशी थोडी जागा राहते. प्लेटवर कारखान्यातला प्रायमर राहिला असेल किंवा ओल असेल, तर त्याचा वायू होऊन वेल्डच्या मुळाशी सुईच्या अग्रापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या पोकळ्या राहतात. बाहेरून वेल्ड अगदी गुळगुळीत. जपान्यांनी प्रत्यक्ष आकाराचे नमुने थकवा-चाचणीच्या प्रचंड यंत्रात घातले, तेव्हा भेगा नेमक्या तिथून सुरू होताना सापडल्या. त्यानंतर प्लेटांच्या कडा घासून साफ करणे, प्लेटांमधली फट आवळून धरणे आणि वेल्डच्या लांबीवरून आपोआप फिरणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्राने तपासणी करणे, हे सगळे कामाचा भाग झाले. जास्त ताकदीचे पोलाद वापरले म्हणजे थकवाही कमी येतो असा एक समज असतो. वेल्डच्या बाबतीत तो खोटा आहे: पोलाद दुप्पट ताकदीचे घेतले म्हणून वेल्डचे आयुष्य वाढत नाही.

इतके करून सेतोवर गाडी धावली. मग आकाशीवर का नाही? इथे इंजिनियरिंग संपते आणि हिशोबाच्या वह्या उघडतात.

थोडे मागे जाऊ. जपानची चार मोठी बेटे: होन्शू, होक्काइदो, क्यूशू, शिकोकू. क्यूशूला होन्शूपासून तोडणारी कान्मोन सामुद्रधुनी अरुंद, तिथे 1942 मध्येच रेल्वेचा बोगदा झाला. 712 मीटर गाळ्याचा रस्त्याचा झुलता पूल 1973 मध्ये आला. बाकी दोन बेटांना बोटींवर विसंबून राहावे लागले, आणि 1950 च्या दशकात दोन अपघातांनी सगळे चित्र बदलले. सप्टेंबर 1954 मध्ये वादळात तोया मारू ही होक्काइदोची रेल्वे-फेरी बुडाली, अकराशेहून जास्त माणसे गेली. आठ महिन्यांनी, 11 मे 1955 ला, दाट धुक्यात शिउन मारू ही उनो-ताकामात्सु मार्गावरची फेरी दुसऱ्या फेरीवर आदळून बुडाली. 168 माणसे गेली. त्यांत 100 मुले शाळेच्या सहलीची होती, बहुतेक मुली.

पहिल्या अपघातातून होक्काइदोला जाणाऱ्या सेइकान बोगद्याला जोर मिळाला, दुसऱ्यातून सेतोच्या पुलाला. दोन्ही 1988 च्या वसंतात चार आठवड्यांच्या अंतराने खुले झाले: 53.85 किलोमीटरचा बोगदा 13 मार्चला, पूल 10 एप्रिलला. त्या महिन्यात प्रथमच चारही मोठी बेटे सलग रुळांनी जोडली गेली.

शिकोकूला मात्र एक पूल पुरेना. पूर्वेला कोबे ते नारुतो, मध्ये कोजिमा ते साकाइदे, पश्चिमेला ओनोमिची ते इमाबारी, अशा तीन मार्गांसाठी तीन प्रदेश हटून बसले. प्रत्येकाचे आमदार-खासदार, प्रत्येकाची शिष्टमंडळे. आपल्याकडे एखादा महामार्ग कोणत्या तालुक्यातून जावा यावरून जे चालते, तेच तिथे समुद्रावरून चालले. 1970 मध्ये होन्शू-शिकोकू पूल प्राधिकरण स्थापन झाले आणि तिन्ही मार्ग मान्य झाले. 1973 च्या नोव्हेंबरात काम सुरू व्हायचे, तेवढ्यात तेलसंकट आले आणि सरकारने सगळे थांबवले. नंतर ठरले की तूर्त रेल्वे-रस्ता दोन्ही असलेला एकच मार्ग पुरा करायचा, तो मधला, कोजिमा-साकाइदे. इतर दोन मार्गांवर स्थानिक गरजेपुरते सुटे पूल बांधायचे.

त्या सुट्या पुलांपैकी एक ओनारुतो. अवाजी बेट आणि शिकोकू यांच्यामध्ये, नारुतोच्या प्रसिद्ध भोवऱ्यांवर. मधला गाळा 876 मीटर, 8 जून 1985 ला खुला. भोवऱ्यांना अडथळा होऊ नये म्हणून पाया एका अखंड ठोकळ्याऐवजी सुट्या खांबांच्या जुडग्याचा केला, ते कौतुकास्पदच. पण त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे हा पूल दुमजली आहे. खालचा मजला शिंकान्सेनसाठी, म्हणजे बुलेट ट्रेनसाठी, राखून ठेवला. आणि त्याच 1985 साली सरकारने ठरवले की पलीकडचा, अवाजीला कोबेशी जोडणारा आकाशी पूल फक्त रस्त्याचा बांधायचा.

म्हणजे शिंकान्सेन अवाजी बेटावर यायला दारच उरले नाही, आणि बेटावरून बाहेर जायचे दार मात्र आधीच बांधून तयार. आज त्या खालच्या मजल्याच्या एका भागात साडेचारशे मीटरची बंदिस्त पायवाट आहे, समुद्रापासून सुमारे 45 मीटर उंच. काचेच्या फरशीतून खाली भोवरे दिसतात, तिकीट काढून लोक बघतात. रेल्वेसाठी मोजून-मापून बांधलेल्या पोलादाचा हा उपयोग.

निर्णय चुकला का? मला नाही वाटत. 1985 मध्ये जपानची राष्ट्रीय रेल्वे बुडीत होती. दोन वर्षांनी तिचे तुकडे करून खासगीकरण झाले तेव्हा डोक्यावर सुमारे 37 लाख कोटी येनचे कर्ज होते. शिकोकूची शिंकान्सेन 1973 च्या मूळ आराखड्यात होती, पण कागदावर. पुलाच्या दोन्ही टोकांना रूळ येणार नसतील, तर मध्ये समुद्रावर रुळांची जागा ठेवून काय करायचे? आणि ती जागा फुकट येत नाही. रेल्वेसाठी केबल जाड, मनोरे जड, पाया मोठा. समुद्रात साठेक मीटर खोल उतरवायच्या पायाचा प्रत्येक जास्तीचा मीटर म्हणजे पाण्यासारखा पैसा. रूळ वगळल्यामुळेच गाळा 1990 मीटरपर्यंत ताणता आला, आणि मनोऱ्यांचे पाये जरा सोयीच्या जागी बसवता आले.

सोयीच्या म्हणजे काय ते ऐका. आकाशी सामुद्रधुनीची खोली शंभर मीटरच्या पुढे जाते, प्रवाह सेकंदाला चार मीटरहून जास्त वेगाने वाहतो, आणि दिवसाला हजाराहून जास्त जहाजे जातात. पायासाठी किनाऱ्यावर पोलादी कैसन, म्हणजे पाण्यात बुडवायच्या पोकळ पेट्या, बांधले, 80 मीटर व्यासाचे, वरून पाहिले तर क्रिकेटच्या मैदानाचा मधला भाग व्यापतील एवढे. टगांनी ओढत आणून, आधी खरवडून सपाट केलेल्या तळावर बुडवले. मग त्यांत असे काँक्रीट ओतले जे पाण्यात पडतानाही विरघळून वाहून जात नाही. मनोरे समुद्रापासून 298 मीटर उंच. सामुद्रधुनीत जहाजांची वाहतूक अडवायची नाही म्हणून 1993 मध्ये पहिली दोरी हेलिकॉप्टरने ओलांडून नेली. केबलसाठी तोवरच्यापेक्षा ताकदवान नवी तार बनवून घेतली. त्यामुळे प्रत्येक बाजूला दोन-दोन केबल न टाकता एकेका केबलवर भागले. एका केबलमध्ये 5 मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या 36,830 तारा आहेत, तिचा व्यास 1.12 मीटर.

आता तो एक मीटर. 17 जानेवारी 1995 ला पहाटे कोबेचा भूकंप झाला. केंद्र पुलाच्या अगदी जवळ. तेव्हा मनोरे उभे होते, केबल चढलेल्या होत्या, गर्डर बसवायचे होते. मोजणी केली तेव्हा दोन मनोऱ्यांमधले अंतर सुमारे 80 सेंटिमीटरने वाढलेले निघाले, आणि अवाजीकडचा बाजूचा गाळाही थोडा वाढलेला. जमीनच सरकली होती. मनोरे आणि केबल सलामत. गर्डरची मापे बदलून काम पुढे नेले, आणि 5 एप्रिल 1998 ला पूल खुला झाला. लोक "भूकंपाने पूल लांब केला" असे गमतीने सांगतात, पण डिझाइनरच्या नजरेने यात दोन गोष्टी आहेत: झुलता पूल लवचीक असल्यामुळे भूकंपाला तो बऱ्यापैकी तोंड देतो, आणि गर्डर बसलेले असते तर हीच दुरुस्ती फार अवघड गेली असती. दुसऱ्या गोष्टीत नशिबाचा भाग मोठा.

या पुलाच्या डिझाइनवर खरी सत्ता वाऱ्याची होती. त्सुकुबा इथे 41 मीटर रुंदीच्या वायुबोगद्यात शंभरात एक प्रमाणाचे, म्हणजे जवळपास 40 मीटर लांबीचे, अख्ख्या पुलाचे मॉडेल उभारून तपासले. ताशी 280 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यातही पूल फडफडू लागू नये, ही अट होती. म्हणून डेकवर, म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागावर, जाळ्या ठेवून हवेला वाट दिली, मधल्या दुभाजकापाशी उभी पट्टी लावली. मनोऱ्यांच्या आत लोलकासारखी वजने टांगून त्यांचे डोलणे मारले.

आता रूळ नंतर टाकता येतील का, या प्रश्नाकडे परत. ट्रस 14 मीटर खोल आहे, आत जागा दिसते, म्हणून लोकांना वाटते टाकता येतील. पण वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट, केबलची जाडी, मनोऱ्याचे पोलाद, वाऱ्याची गणिते, टोकाचे सांधे, ही फक्त रस्त्याचा भार धरून केलेली आहे. एखादा भाग बदलून भागत नाही, कारण केबल बदलणे म्हणजे पूलच बदलणे. शिवाय ती आतली जागा रिकामीही नाही: तपासणीचा मार्ग, वीज आणि संदेशवहनाच्या केबल, अवाजी बेटाला होन्शूवरून जाणारी पाण्याची पाइपलाइन, सगळे तिथूनच जाते. अवाजीच्या घरातल्या नळाला येणारे पाणी या पुलाच्या पोटातून येते, ही माहिती बऱ्याच जपान्यांनाही नसते.

बाहेरच्या देशांचे थोडक्यात सांगतो, कारण तुलना विचारली जाते. डेन्मार्कमध्ये ग्रेट बेल्ट ओलांडताना 1624 मीटर गाळ्याचा पूर्वेकडचा झुलता पूल फक्त रस्त्याचा ठेवला आणि रेल्वे तिथे समुद्राखालच्या बोगद्यातून नेली. पश्चिमेकडच्या आखूड गाळ्यांच्या काँक्रीट पुलावर मात्र दोन्ही आहेत. उलट हाँगकाँगच्या चिंग मा पुलावर, 1377 मीटरच्या गाळ्यावर, रेल्वे आहे. पण ती विमानतळाकडे जाणारी हलक्या डब्यांची शहरी गाडी, मालगाडी नव्हे. एकूण निष्कर्ष सगळीकडे सारखाच निघतो: दीड-पावणेदोन किलोमीटरच्या पुढे जड रेल्वे न्यायची तर आधी बोगद्याचा भाव विचारून बघावा.

अटल सेतूचा उल्लेख प्रश्नात नाही, पण मुंबईकर तो काढणारच. त्यावरही रेल्वे नाही, आणि त्याची जातकुळीही वेगळी: उथळ खाडी, बहुतांश काँक्रीटचे आखूड गाळे, आणि जिथे लांब गाळे लागले तिथे 180 मीटरपर्यंतचे पोलादी ऑर्थोट्रॉपिक डेक, म्हणजे खालून पोलादी पट्ट्या वेल्ड केलेली प्लेट. जपानशी नाते मात्र खरे आहे. जायका या जपानच्या सरकारी साहाय्यसंस्थेचे कर्ज आहे, आणि पोलादी डेकच्या कामात जपानी कंपनी भागीदार होती. वर जे वेल्डच्या थकव्याचे पुराण लावले ते या डेकलाही तंतोतंत लागू आहे, कारण ऑर्थोट्रॉपिक डेकमध्ये ट्रकचे चाक थेट वेल्डच्या डोक्यावरून जाते. जपानच्या शहरी महामार्गांवर अशा डेकमध्ये भेगा सापडल्या आहेत. जड ट्रकांचे वजन तपासणे हा तिथे कायद्याचा कमी आणि पुलाच्या आयुष्याचा प्रश्न जास्त.

पश्चिमेकडच्या तिसऱ्या मार्गावर, शिमानामी काइदोवर, रेल्वे कधीच नव्हती. तिथले दोन पूल मात्र पाहण्यासारखे. तातारा, 890 मीटर गाळ्याचा केबल-स्टेड (मनोऱ्यापासून तिरप्या केबलींनी थेट धरलेला), 1999 मध्ये खुला झाला तेव्हा त्या प्रकारातला जगात सर्वांत लांब. तो आधी झुलता ठरला होता. पण झुलत्या पुलाला अँकरेजसाठी बेटाचा डोंगर कापावा लागला असता, म्हणून प्रकार बदलला. आणि कुरुशिमा, जिथे तीन झुलते पूल एकापुढे एक, मधली अँकरेजे सामाईक. या मार्गावर सायकलसाठी स्वतंत्र वाट आहे, सुमारे 70 किलोमीटर, आणि आज हा मार्ग मोटारींपेक्षा सायकलवाल्यांमुळे जास्त ओळखला जातो.

तीन मार्ग बांधले, तेवढी वाहने आली नाहीत. टोल जबर होता, तरी कर्ज फिटेना. 2003 मध्ये सरकारने 1.34 लाख कोटी येनचे कर्ज करदात्यांच्या खात्यावर घेतले, 2005 मध्ये प्राधिकरणाची कंपनी झाली, 2014 पासून टोल देशातल्या इतर द्रुतगती मार्गांच्या पातळीवर आणला. टोल उतरला तशा फेरीबोटी बंद पडू लागल्या: जिच्या अपघाताने सेतोच्या पुलाला जन्म दिला ती उनो-ताकामात्सु फेरी 2019 च्या डिसेंबरात बंद पडली. आणि पूल दोन्ही दिशांना चालतो हेही कळले. नारुतोजवळच्या तोकुशिमा शहरातले लोक खरेदीला कोबे-ओसाकाला जाऊ लागले, 2020 मध्ये शहरातले शेवटचे मोठे डिपार्टमेंट स्टोअर बंद झाले. पूल झाला की आपल्या गावाचा विकास होतो असे जे भाषणात ऐकू येते, त्याला तोकुशिमाचा दाखला द्यावा.

सेतोच्या रेल्वेचेही सगळे गोड नाही. पोलादी ट्रसवरून गाडी जाताना आवाज प्रचंड होतो. कोजिमाकडच्या वस्त्यांनी तक्रारी केल्या आणि तिथे गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागला. जोरदार वारा सुटला की गाड्या थांबतात, ताकामात्सुहून ओकायामाला रोज नोकरीला जाणाऱ्यांचा त्या दिवशी खोळंबा ठरलेला. शिंकान्सेनसाठी ठेवलेली जास्तीच्या दोन रुळांची जागा अजून रिकामी आहे. शिकोकूच्या शिंकान्सेनचा विषय हल्ली पुन्हा निघतो तेव्हा आग्रह ओकायामाकडून सेतो ओहाशीवरून येण्याच्या मार्गाचा असतो, आणि ते साहजिक आहे, कारण रिकामी का होईना, जागा तिथेच आहे.

देखभालीबद्दल एकच गोष्ट सांगतो. झुलत्या पुलाचा जीव केबलमध्ये, आणि केबलचा वैरी आतली ओल. पूर्वी केबलवर लेप देऊन तार गुंडाळायचे आणि वरून रंग. जुन्या पुलांच्या केबल उघडल्या तेव्हा आत गंज सापडला, कारण पाणी कुठून ना कुठून शिरतेच. आकाशीवर म्हणून वेगळी युक्ती केली: यंत्राने कोरडी केलेली, खारट कण गाळलेली हवा केबलच्या आत सतत फुंकायची, दुसऱ्या टोकाने बाहेर सोडायची, आणि आतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवायची. त्याखाली पोलाद जवळजवळ गंजत नाही. पद्धत इतकी चालली की होन्शू-शिकोकूच्या जुन्या पुलांवर आणि परदेशातही ती नंतर बसवली गेली. केबलवर ठरावीक अंतराने दिसणारे जाडसर पट्टे आणि त्यांना जोडलेले पाइप हवेचे आहेत, शोभेचे नाहीत.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर क्रम असा ठेवा. ओकायामाहून ताकामात्सुला जाणारी मरीन लायनर ही गाडी पकडा. ताकामात्सुच्या टोकाचा डबा दुमजली आहे, तिथले वरचे किंवा ड्रायव्हरच्या मागचे आसन मिळाले तर उत्तम, पण आरक्षण लागते. कोजिमा सोडले की डोंगरातला बोगदा आणि लगेच समुद्र. झुलत्या पुलाचे सांधे ओळखायचे असतील तर अँकरेजाचा काँक्रीटचा ठोकळा आला की रुळांच्या आवाजाकडे लक्ष द्या. ताकामात्सुहून नारुतोला, तिथली पायवाट भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघूनच गाठा, नाहीतर भोवऱ्यांऐवजी सपाट पाणी दिसेल. शेवटी आकाशी. कोबेकडच्या माइको स्टेशनला लागूनच पुलात शिरायची सोय आहे, आणि आधी नाव नोंदवले तर आतून चालत जाऊन मनोऱ्याच्या माथ्यावरही नेतात. टोपी आणि मोबाइल दोरीने अडकवायला सांगतात. तेवढे ऐका, जाळीखाली थेट जहाजे आहेत.